शोभेची दारू : नवशिक्याचा पहिला धडा

शोभेच्या दारूची हौस बाळगणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की दारूस जळण्यासाठी बाहेरच्या हवेची गरज नसते. सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणात प्राणवायू सोराच पुरवितो. म्हणून पेटलेली दारू झाकल्याने विझत नाही.

मिश्रण घरी करणे हे नवशिक्याचे काम नव्हे. पोटॅशियम क्लोरेट व गंधक यांचे मिश्रण तर नुसत्या घर्षणानेही भडकते. भारत सरकारने त्यावर १९९२ साली बंदी घातली.

प्रारंभ परवानाधारक कारखान्यातील भुईनळ्याने करावा. जागा मोकळी, कपडे सुती, पाण्याची बादली जवळ व जाणते वडीलधारे माणूस सोबत असावे. चेहरा बाजूस ठेवून लांब उदबत्तीने वात पेटवावी आणि तत्काळ मागे सरावे. नळा न पेटल्यास त्यावर वाकू नये. वात आत धुमसत असू शकते. बराच वेळ थांबून तो पाण्याने पुरता भिजवावा. पुन्हा पेटवू नये.

मग दुरून निरीक्षण करावे. तांबडी ज्योत स्ट्रॉन्शियमची, पिवळी सोडियमची, निळी तांबे या धातूची; सोनेरी ठिणग्या तापलेल्या लोहकणांच्या. ज्योतीवरून धातू ओळखता येऊ लागला, म्हणजे अभ्यासास आरंभ झाला असे समजावे.