बर्फावर गिरवणारी पोर



आपल्या गावात कितीही थंडी पडली तरी विहिरीचे पाणी काही गोठत नाही. बर्फ आपण बघतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण दूरदेशी असे मुलूख आहेत, की तेथे हिवाळ्यात तळी गोठून फरशीसारखी टणक होतात. माणसे त्यांच्यावरून खुशाल चालतात. तेथली मुले ह्या बर्फावर एक खेळ खेळतात. बुटाच्या तळाला पोलादाचे लांब पाते बसवायचे आणि त्यावर तोल सांभाळून सरसर घसरत जायचे. ह्या खेळाला स्केटिंग म्हणतात. त्यात गिरक्या, उड्या आणि वाद्यांच्या तालावर नाच आला, की ते झाले फिगर स्केटिंग.

पाते केवढे जाड, तर सुमारे ४ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या हातातल्या पेन्सिलीहूनही कमी. सगळ्या देहाचा भार तेवढ्यावर तोलायचा. चांगला धडधाकट माणूसही पहिल्या पावलाला आपटतो. मग आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पोरीचे काय? तिचीच गोष्ट आज वाचू.

तिचे नाव टेन्ली ऑलब्राइट. जन्म १९३५ सालचा, अमेरिकेतल्या बोस्टन शहराजवळचा. वडील शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. लेकीला खेळाची गोडी लागली, तेव्हा त्यांनी हिवाळ्यात घराच्या परसात पाणी सोडले. पाणी गोठले आणि घरच्या घरी खेळायला जागा झाली.

१९४६ साली टेन्ली अकरा वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. पाठीतले आणि मानेतले बळ गेले. चालणेफिरणे बंद झाले. ह्या रोगावर त्या वेळी लस नव्हती. ती पुढे १९५५ साली आली. तोवर आईबापांनी वाट बघायची, एवढेच हाती होते.

पोर वाचली, पण अशक्त झाली. डॉक्टर म्हणाले, “तिला जो खेळ आवडतो तो खेळू द्या. त्यानेच पाठीला बळ येईल.” टेन्ली पुन्हा बर्फावर गेली. सुरुवातीला कठडा धरून उभी राहिली. मग कठडा धरूनच थोडी सरकली. मग एक दिवस हात सोडला. काही महिन्यांतच लहान मुलींच्या एका स्पर्धेत ती पहिली आली!

येथे मला माझी एक चूक सांगायची आहे. मी शाळेत मास्तर होतो, पुढे हेडमास्तर झालो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. पोलिओने त्याचा एक पाय लुळा पडला होता. कवायतीच्या तासाला मी त्याला लिंबाखाली बसवून ठेवी. मला वाटे, मी त्याच्यावर दया करतो आहे. तो बिचारा इतर पोरांच्या चपला राखीत बसे. “तुला काय करावेसे वाटते रे?” असे मी त्याला कधी विचारले नाही. टेन्लीची हकिगत वाचली आणि तो मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. दया वेगळी आणि बळ देणे वेगळे. हे मला फार उशिरा कळले.

आता टेन्लीचा अभ्यास कसा चाले ते बघा. तुम्ही पाटीवर अक्षर गिरवता ना? ती बर्फावर आकडे गिरवी. इंग्रजीतला आठाचा आकडा म्हणजे एकाला एक चिकटलेली दोन वर्तुळे. पात्याने बर्फावर तो आकडा काढायचा. मग त्याच रेघेवरून पुन्हा जायचे, तेही एका पायावर. रेघ जराही हलता कामा नये. परीक्षक वाकून ती रेघ तपासत. त्या काळी शंभरातले साठ गुण ह्या गिरवण्याला असत आणि चाळीस गुण नाचाला. मोठ्या स्पर्धांतून हा गिरवण्याचा भाग १९९० नंतर गेला. पण टेन्लीच्या वेळी गिरवल्यावाचून सुटका नव्हती. ती पहाटे उठून बर्फावर जाई आणि मग अभ्यासाला लागे.

१९५२ साली नॉर्वे देशातल्या ऑस्लो शहरी ऑलिम्पिक खेळ झाले. टेन्ली तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला दुसऱ्या क्रमांकाचे रुपेरी पदक मिळाले. १९५३ साली ती जगात पहिली आली. अमेरिकेतल्या कोणत्याही बाईला तोवर हा मान मिळाला नव्हता. १९५४ साली ऐन स्पर्धेत ती पडली आणि दुसरी आली. १९५५ साली पुन्हा पहिली. असे वरखाली चालायचेच.

मग आले १९५६ साल. ऑलिम्पिक खेळ इटली देशातल्या कोर्टिना गावी होते. स्पर्धेला दोन आठवडेही उरले नव्हते. सराव करताना बर्फातल्या खाचेत टेन्लीचे पाते अडकले आणि ती पडली. डाव्या पायाच्या पात्याने उजव्या पायाचा बूट चिरला. घोट्याशी जखम झाली, ती पार हाडापर्यंत गेली. वडील विमानाने तातडीने आले आणि त्यांनी जखमेवर उपचार केले. पाय ठणकत असतानाच टेन्ली बर्फावर उतरली. वाद्ये वाजू लागली. बघणारे लोक ती चाल आपल्याशीच गुणगुणू लागले. त्या आवाजात मी दुखणे विसरले, असे तिने पुढे सांगितले. अकरा परीक्षकांपैकी दहा जणांनी तिला पहिला क्रमांक दिला. सोन्याचे पदक तिला मिळाले.

थोड्याच दिवसांनी जागतिक स्पर्धा झाली. तीत ती कॅरल हाइस ह्या सोळा वर्षांच्या मुलीकडून हरली. हार खाऊनही तिने तोंड फिरवले नाही. पण आता तिचे मन दुसरीकडे लागले होते. पदक मिळालेले खेळाडू तेव्हा पैसे घेऊन नाचाचे खेळ करीत गावोगाव फिरत. टेन्ली त्या वाटेने गेली नाही. तिने हार्वर्डच्या वैद्यकीय कॉलेजात नाव घातले. ह्या कॉलेजात १९४५ सालापर्यंत मुलींना घेतच नसत. तिच्या वर्गातही मुली अगदी थोड्या होत्या. १९६१ साली ती डॉक्टर झाली आणि वडिलांप्रमाणे शस्त्रक्रिया करू लागली. जी पोर एकदा दवाखान्यात निजून होती, तिने पुढे कितीतरी रोगी उठवून बसवले.

पोलिओचे आपल्या देशात काय झाले, तेही सांगतो. १९९५ सालापासून गावोगाव पोरांच्या तोंडात दोन थेंब पडू लागले. भारतात ह्या रोगाचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये बंगालात सापडला. मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. पण काही देशांत हा रोग अजून आहे. म्हणून डोस चुकवू नका. आपले, शेजारणीचे, ऊसतोडीला आलेल्यांचे, कुणाचेही पोर असो, त्याला घेऊन जा.

आणि ज्याला आधीच अधूपण आले आहे, त्याला लिंबाखाली बसवून ठेवू नका. त्याला विचारा, “तुला काय करावेसे वाटते?” कठडा धरू द्या. हात तो आपणहून सोडील.

तुमची रेघ आज वाकडी येत असेल. येऊ द्या. पुन्हा गिरवा.

प्रश्न

१. पोलिओ झाल्यावर टेन्लीला डॉक्टरांनी काय सांगितले?
२. बर्फावर आकडा गिरवणे आणि पाटीवर अक्षर गिरवणे, ह्यांत सारखे काय आहे?
३. सोन्याचे पदक मिळाल्यावर टेन्लीने काय केले?
४. मास्तरांची कोणती चूक झाली? तुमच्या गावात तशी चूक कुठे होते का? वर्गात सांगा.
५. घरातल्या लहान मुलांना कोणते डोस मिळाले, ते कार्डावर वाचा आणि पाटीवर लिहा.