घराला गोधडी

बेंबळीत एका दादांचे नवे घर उभे राहत होते. जोते बांधून झाले होते. विटाही येऊन पडल्या होत्या. पण वर छत कसले घालावे, यावर घरात एकमत होत नव्हते.

दादांची आई म्हणाली, "लेकरा, आपलं जुनं माळवद कसं गार होतं! भर चैतात आत आलं की जिवाला बरं वाटायचं. तसंच बांध."

दादा म्हणाले, "आये, किल्लारीचं इसरलीस का? डोक्यावर माती नको. मी स्लॅबच घालणार."

सूनबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या माहेरी स्लॅबच आहे. उन्हाळ्यात रात्री दहा वाजता पंखा लावला तर वरून गरम वारा येतो. लेकरं झोपत न्हाईत."

आम्ही ओसरीवर बसून ऐकत होतो. तिघांचेही म्हणणे खरे होते. मग घर गारही राहावे आणि जिवाला धोकाही नसावा, असे काही करता येईल का? चला, आपण विचार करू.

माळवद गार का? आणि घातक का?

माळवदाला लाकडी तुळया असतात. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी लोक वर पांढरी माती टाकीत. असा थर वर्षानुवर्षे वाढत जाई. एवढी माती तापायला फार वेळ लागतो. ऊन आत पोचेपर्यंत दिवस मावळतो. म्हणून माळवद गार.

पण वजनाचा हिशेब करा. खोली 10 फूट लांब, 10 फूट रुंद. वर एक फूट माती. म्हणजे 100 घनफूट, बरोबर एक ब्रास. एक ब्रास मातीचे वजन 40 क्विंटलच्या वर भरते. ज्वारीची 40 पोती डोक्यावर ठेवून आपण झोपतो म्हणा ना!

29 सप्टेंबर 1993 रोजी लोकांनी गणपती बोळवले आणि थकून झोपी गेले. 30 तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावे कोसळली. हजारो माणसे झोपेतच दगड-मातीखाली गेली. तिथल्या भिंती जाड होत्या, पण दगड नुसत्या चिखलात बसवलेले होते. आरपार जाणारे लांब दगड त्यांत नव्हते. धक्क्यासरशी भिंती दोहीकडे फुटल्या आणि वरची माती खाली आली. दादांची भीती खोटी नव्हती.

स्लॅब का तापतो?

उन्हाळ्यात दुपारचे ऊन सरळ डोक्यावर येते. घराच्या सर्व अंगांत छतच जास्त तापते. स्लॅब चार-पाच इंचांचा असतो. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. विजेचे बिल येते, झोप मात्र येत नाही.

बर्फवाल्याची युक्ती

बर्फवाला बर्फाची लादी भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवतो. थंडीत आपण गोधडी घेतो. गोधडीत स्वतःची ऊब नसते. तिच्या थरांत हवा अडकलेली असते. अडकलेली हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. आतली बाहेर नाही, बाहेरची आत नाही. घरालाही अशीच गोधडी हवी, पण हलकी.

कोणती गोधडी घ्यावी?

पहिली, चुन्याची. पांढरा रंग ऊन परतवून लावतो. स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्यावेत. चिकटण्यासाठी त्यात थोडा डिंक घालावा. हा उपाय सर्वांत स्वस्त. पावसात चुना धुपतो, म्हणून दर उन्हाळ्यात पुन्हा लावावा. चुना भिजवताना तो उकळतो. डोळे सांभाळा, मुलांना दूर ठेवा. पत्र्यावर चुन्याऐवजी पांढरा रंग द्यावा.

दुसरी, हवेची. पत्र्याचे घर असेल तर पत्र्याखाली हातभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे. दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत, म्हणजे गरम हवा निघून जाते. पत्र्यावर कडबा पसरू नये. ठिणगी पडली तर घर जाते.

तिसरी, थर्माकोलसारख्या फळ्यांची. या फळ्या स्लॅबच्या वर अंथरतात. दोन इंची थर फूटभर मातीपेक्षा जास्त उष्णता अडवतो. खोलीभर थराचे वजन किती? फक्त 10 ते 15 किलो! पण ही फळी उघडी ठेवू नये. उन्हाने ती खराब होते, आणि जळाली तर विषारी धूर होतो. तिच्यावर कोबा करून पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत.

काही लोक नुसता विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. तोही चांगला. पण चार इंची थर अशा खोलीवर 15 क्विंटलच्या वर जातो, हे विसरू नये.

आधी सांगा, मग ओता

वर जे काही घालायचे, ते स्लॅब ओतण्याआधी इंजिनिअरला सांगावे. तो वजन धरून गज ठरवतो. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सिमेंट-गजाचा पट्टा भिंतींवरून सलग फिरवावा. धरणी हलली तर हा पट्टा भिंतींना बांधून धरतो. पट्ट्याचे पैसे वाचवू नयेत.

दादा म्हणाले, "पट्टे तर घालतोच. पण फळ्यांना औंदा पैसा पुरायचा न्हाई."

आम्ही म्हणालो, "मग औंदा चुना लावा. फळी पुढच्या सालीही टाकता येईल. पण तिचे आणि कोब्याचे वजन आजच इंजिनिअरला सांगा. ओतलेला स्लॅब नंतर मजबूत करणे फार अवघड."

आई म्हणाली, "आन् मावळतीला लिंब लावा. दुपारी खिडक्या लावा, रात्री उघडा. ह्याला पैसे पडत न्हाईत."

सगळे हसले. पण आईचे म्हणणे कोणी खोडले नाही. दुसऱ्याच दिवशी मावळतीच्या बाजूला लिंबाचे रोप लागले.

उत्तरे लिहा

1. माळवद गार का राहत असे?
2. 10 फूट लांब आणि 12 फूट रुंद खोलीवर एक फूट माती असेल, तर ती किती घनफूट होईल?
3. छतावर थर घालायचा असेल तर इंजिनिअरला केव्हा सांगावे? का?
4. तुमच्या घराला कोणती गोधडी परवडेल? घरात विचारून चार ओळी लिहा.