दायरा : सेनेगलमधील मुस्लिम संघटनांची ओळख

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी या शहरात आले, तेव्हा आमच्या तालुक्यातल्या दोन मुलींनी आपल्या खोलीत मला जागा दिली म्हणून टिकले. त्यामुळेच की काय, राज्यशास्त्रासाठी आफ्रिकेविषयी वाचताना ‘दाहिरा’ या शब्दापाशी मी थबकले. शब्द मूळचा अरबी. हिंदी-उर्दूतला ‘दायरा’ तो हाच. अर्थ, वर्तुळ.

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल या देशात शेकडा सुमारे ९५ लोक मुसलमान आहेत. पण एवढ्याने काहीच उलगडत नाही. त्यांतील बहुतेक जण तिजानी, मुरीद, कादरी, लायेन अशा सूफी पंथांचे आहेत. मुरीद पंथाचे संस्थापक शेख अमादू बंबा यांना फ्रेंच सत्तेने १८९५ मध्ये गॅबॉनला हद्दपार केले. त्या घटनेच्या स्मरणार्थ तूबा या त्यांच्या नगरीत दरवर्षी ‘मागाल’ ही यात्रा भरते आणि लाखो भाविक लोटतात.

भुईमूग पिकवणारे खेडूत पोटासाठी डाकारला आले. गुरू मागे राहिला. मग एका वस्तीतले, एका बाजारातले गुरुबंधू एकत्र जमू लागले. तीच दाहिरा. ठरल्या दिवशी जमावे, बंबांची अरबी पदे गावीत, वर्गणी काढावी, आजारपणात व मयतीला धावून जावे, असे तिचे काम. पुढे पॅरिस, न्यूयॉर्कपर्यंत अशा दाहिरा निघाल्या.

सगळ्यांनाच ही गुरुभक्ती मान्य होती असे नाही. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मुस्लिम सांस्कृतिक संघाने पीठाधिपतींच्या वर्चस्वावर टीका केली व अरबी शिक्षणाचा आग्रह धरला. म्हणजे विविधता धर्माधर्मांत असते, तशी एका धर्माच्या पोटातही असते.

अशा देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष (१९६० ते १९८०) लिओपोल्ड सेंघोर हे कॅथलिक ख्रिस्ती होते! १९६२ मध्ये पंतप्रधान ममदू दिया यांच्याशी त्यांचा संघर्ष झाला. दिया मुसलमान; तरी मुरीदांचे खलिफा फलिलू म्बाके सेंघोरांच्या पाठीशी राहिले. यात केवळ औदार्य होते असे मला वाटत नाही. दियांच्या सहकारी धोरणाने भुईमुगाच्या व्यापारातील पीठांच्या हितसंबंधांना धक्का बसत होता. पुढे १९८८ मध्ये तर मुरीद खलिफांनी अनुयायांना कोणाला मत द्यावे तेही सांगितले. आधार देणारे वर्तुळ असे माणसाला बांधूनही ठेवते.

मग वर्तुळे मोडावीत काय? मला तसे वाटत नाही. परगावी आलेल्या माणसाला पहिला हात तेच देते. पण त्याची कड दुसऱ्या वर्तुळाला भिडली पाहिजे. सेंघोर जन्मले त्या जोआल गावाशेजारी फादियूत हे बेट आहे. तेथील शिंपल्यांच्या टेकाडावरील स्मशानभूमीत ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच जागी चिरनिद्रा घेतात. मेल्यावर जे साधते ते जिवंतपणी साधावे, एवढाच या अभ्यासाचा मला उमगलेला अर्थ.