थंड पाणी, मोठ्या लाटा आणि पांढरा शार्क

कॅलिफोर्नियाचे नाव घेतले की लख्ख ऊन, वाळूचा पट्टा आणि ऊबदार समुद्र यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्या राज्याच्या दक्षिण भागापुरते ते बरेचसे खरे आहे. सान फ्रान्सिस्को शहराच्या आसपासचा किनारा मात्र अगदी निराळा. तेथे भर जुलै महिन्यात, अंतर्भागातील खोऱ्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या घरात असताना, समुद्राचे पाणी जेमतेम १२-१३ अंश असते आणि किनारा धुक्यात बुडालेला असतो. उत्तरेस बोदेगा उपसागर, पश्चिमेस फॅरालोन बेटे आणि दक्षिणेस बिग सरचा कड्याकपाऱ्यांचा प्रदेश यांमधील समुद्राला ‘लाल त्रिकोण’ असे नाव पडले आहे. पांढऱ्या शार्कने माणसास चावा घेतल्याच्या इतक्या घटना जगात फार थोड्या टापूंत नोंदल्या गेल्या आहेत. तरीही वर्षाच्या बाराही महिने माणसे फळी घेऊन या पाण्यात उतरतात.

फळीवर उभे राहून फुटत्या लाटेच्या उतारावरून घसरत येण्याच्या या खेळास सर्फिंग म्हणतात. त्याचे माहेर हवाई बेटे. तेथील तीन राजपुत्र शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात राहत असताना, १८८५ साली, सांता क्रूझ गावी सान लोरेन्झो नदीच्या मुखाशी तांबड्या रेडवुड लाकडाच्या फळ्यांवर हा खेळ खेळले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील सर्फिंगची ही पहिली नोंद होय. हवाईच्या कोमट पाण्यातून आलेल्या त्या तरुणांना येथील गारठा कसा वाटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

हा गारठा येतो कोठून? वसंत ऋतूपासून येथे वायव्येकडून, किनाऱ्याला समांतर असे जोरदार वारे वाहतात. वारा पाण्यास पुढे ढकलतो. परंतु पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात पृष्ठभागाजवळील थराचा एकूण प्रवाह वाऱ्याच्या उजवीकडे वळतो. स्वीडिश शास्त्रज्ञ एकमन याने १९०५ साली याचे गणित मांडले. येथे उजवीकडे म्हणजे खुल्या समुद्राकडे. वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर गेले की त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड पाणी वर येते. (केरळच्या किनाऱ्यावरही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात असेच घडते, तेथील तारली माशांच्या सुगीशी त्याचा निकटचा संबंध आहे.) खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेटसारखे क्षार विपुल असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती पोसतात, त्यांवर लहान जीव, त्यांवर मासे, माशांवर सील आणि सीलवर शार्क. थंडी आणि शार्क या दोन स्वतंत्र आपत्ती नव्हेत. एकाच कारणाची ती दोन फळे आहेत.

लाटा मात्र दुरून येतात. अलास्काच्या आखातातील वादळे समुद्र ढवळून काढतात आणि त्यांतून निघालेल्या लाटांचे समूह हजारो किलोमीटर प्रवास करतात. लाटेचा आवर्तकाल, म्हणजे एका शिखरामागून दुसरे शिखर येण्यास लागणारा वेळ, जितका अधिक तितका समूहाचा वेग अधिक. सोळा सेकंद आवर्तकालाच्या लाटांचा समूह खोल समुद्रात तासाला सुमारे ४५ किलोमीटर जातो. म्हणजे तीन हजार किलोमीटरवरील वादळाची वार्ता येथे सुमारे पावणेतीन दिवसांनी पोहोचते. पाणी उथळ झाले की लाटेची गती मंदावते व उंची वाढते. खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की ती फुटते. हाफ मून बे गावाजवळ ‘मॅव्हरिक्स’ या ठिकाणी समुद्रतळावर खडकाचा एक चढ असून त्याच्या दोन्ही अंगांस खोल पाणी आहे. भिंग जसे प्रकाशकिरण एकवटते, तशी तेथे लाटेची शक्ती त्या चढावर एकवटते. जेफ क्लार्क हा तरुण १९७५ साली तेथे एकटाच गेला व पुढे सुमारे पंधरा वर्षे बहुधा एकटाच जात राहिला.

पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातील उष्णता वाहून नेते. अशा पाण्यात अकस्मात पडलेल्या माणसाचा श्वास प्रथम अनावर होतो, नंतर बोटांतील बळ जाते, आणि जो बुडतो तो पुष्कळदा शरीर पुरते गार होण्यापूर्वीच बुडतो. यावर उपाय निघाला तो १९५०च्या दशकाच्या प्रारंभी. बर्कले येथील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर याच्या ध्यानात आले की, ऊब राखण्यासाठी अंग कोरडे असण्याची गरज नाही. निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फेसात वायूचे असंख्य बुडबुडे कोंडलेले असतात. वायू उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे आत शिरलेले थोडेसे पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट होते व तसेच राहते. पाण्याचा थर ऊब देतो, ही समजूत लोकप्रिय असली तरी चुकीची आहे. काम करतात ते बुडबुडे. जॅक ओनील याने १९५२ साली सान फ्रान्सिस्कोत दुकान उघडले आणि असे पोशाख सर्फिंग करणाऱ्यांपर्यंत पोहोचवले.

आता शार्कविषयी. आपल्या कोकणात मुशी किंवा मोरी या नावाने परिचित असलेल्या माशांचाच हा अवाढव्य भाईबंद. लांबी सहा मीटरपर्यंत जाऊ शकते. बहुतेक मासे पाण्याइतकेच थंड असतात. पांढऱ्या शार्कच्या शरीरात मात्र स्नायूंकडून येणाऱ्या उष्ण रक्ताच्या नीला व आत जाणाऱ्या थंड रक्ताच्या रोहिणी एकमेकींना लगटून असतात, त्यामुळे उष्णता बाहेर न जाता आतच परतते. म्हणूनच थंड पाण्यातही तो चपळ असतो. माणसाने ज्यासाठी रबर शोधले, ते त्याच्या अंगी उपजतच आहे.

त्याचे आवडते भक्ष्य म्हणजे चरबीने भरलेला हत्ती सील. एकोणिसाव्या शतकात तेलासाठी या सीलची इतकी कत्तल झाली की, मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर मूठभरच उरले. मेक्सिकोने १९२२ साली त्यांना संरक्षण दिले. पुढे आन्यो नुएव्हो बेटावर ते १९५५ साली पुन्हा दिसले व १९६१ साली तेथे पिले जन्मली. आज त्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास आहे. शार्कलाही कॅलिफोर्नियात १९९४ पासून कायद्याचे संरक्षण आहे. भक्ष्य वाढले, भक्षकास अभय मिळाले, आणि पाण्यात उतरणारी माणसेही कितीतरी पटींनी वाढली. तेव्हा धोकाही वाढला असावा, असे कोणासही वाटेल. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १९५० ते २०१३ या काळात कॅलिफोर्नियात प्रत्येक समुद्रस्नात्याला असलेला धोका ९१ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. खालून पाहताना फळीवरील माणूस सीलसारखा भासतो, असे एक मत आहे. सिडनीतील संशोधकांनी २०२१ साली अल्पवयीन पांढऱ्या शार्कच्या दृष्टीचा विचार करून या मतास पुष्टी दिली. तथापि ते सर्वमान्य झालेले नाही. बहुतेक वेळा शार्क एकदा चावून सोडून देतो. परंतु तो एक चावाही प्राणघातक ठरू शकतो.

किनाऱ्यावरच्या प्रत्यक्ष व्यवहारात पेच पडतो तो ऋतूचा. शरदात वारे पडतात, पाणी वर्षातील सर्वांत ऊबदार असते, उत्तरेकडील वादळांच्या पहिल्या लाटा येऊ लागतात. आणि नेमक्या याच महिन्यांत कोवळ्या वयाचे हत्ती सील किनाऱ्यावर येतात व शार्क त्यांच्यामागे जमतात. हिवाळा सरता सरता बरेच शार्क हवाई व बाजा कॅलिफोर्निया यांच्यामधील भर समुद्राकडे निघून जातात, हे त्यांच्या अंगावर बसवलेल्या उपग्रह-यंत्रांवरून कळले आहे. ते ऑगस्टच्या सुमारास परतू लागतात. मधल्या काळात किनाऱ्यावर उरते ती थंडी, आणि सान फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचवरील समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह. त्यात सापडलेल्याने त्याच्याशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहून त्याच्या पट्ट्याबाहेर पडावे.