पाटी रंगवण्याआधी: 'दूध' बरोबर, मग 'दूधाचे' चूक का?



पनवेलच्या वर्गात एका ताईंनी मेनूकार्डाचं प्रूफ दाखवलं. वर ठळक ओळ होती: 'साजूक तूपातले लाडू, दूधाची खीर आणी पीठाचे पदार्थ'. लाडू एक नंबर, पण ओळीत चार चुका! पाचशे प्रती छापायला जाणार होत्या. वेळेत दिसलं, म्हणून पैसे वाचले.

२०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी लावावी लागते. म्हणजे आपलं मराठी आता रोज गिऱ्हाइकासमोर आहे. आणि बहुतेक चुका होतात त्या शब्दाला प्रत्यय लावताना. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. त्यातले धंद्याला लागणारे तेवढे आज बघू.

१. शब्दाच्या शेवटी ई-ऊ दीर्घ. पाटी, मिरची, लाडू, पेरू. अपवाद थोडे: आणि, नि, परंतु, तथापि. म्हणून 'चहा आणी वडापाव' चूक, 'चहा आणि वडापाव' बरोबर.

२. दूध, पण दुधाचे. शेवटचं अक्षर दूध, तूप, पीठ, मीठ, फूल, वीट यांच्यासारखं बिनकान्यामात्रेचं असेल, तर आधीचा ई-ऊ दीर्घ. प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व होतो: दुधाचे, तुपातले, पिठाचे, मिठाची, फुलांचा, विटांचे. तोंडाने म्हणून बघा. 'दूध' म्हणताना 'दू' लांबतो, 'दुधात' म्हणताना आखूड होतो. कानाला जे कळतं तेच लिहायचं.

३. तीन अक्षरी शब्द. मधल्या अक्षरात दीर्घ ई-ऊ असेल, तर आधी पहिलं अक्षर बघा.
पहिलं ऱ्हस्व: मधलं फक्त आखूड होतं. जमीन – जमिनीचा, वकील – वकिलाला.
पहिलं दीर्घ: मधली ई-ऊ जाऊन 'अ' येतो. तारीख – तारखेला, बेरीज – बेरजेत, लाकूड – लाकडाचा.

४. रक्कम, पण रकमेचा. इंग्रजीत 'स्टॉप'चं 'स्टॉपिंग' करताना पी दोनदा लिहितात. आपल्याकडे उलट, जोड सुटतो: रक्कम – रकमेचा, छप्पर – छपराला. तसाच किंमत, गंमत यांतला अनुस्वारही जातो: किमतीत, गमतीने. 'निम्म्या किंमतीत' हा फ्लेक्स सेलच्या दिवसांत किती ठिकाणी दिसतो, मोजून बघा!

५. इथे सावध. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, म्हणजे तत्सम शब्द, प्रत्यय लागला तरी आतला ऱ्हस्व-दीर्घ बदलत नाहीत: शरीर – शरीराचा, गुण – गुणाचा, पूजा – पूजेचा. दुकानाच्या नावात आणखी एक गंमत. सुटा शब्द 'गुरू', पण जोडशब्दात 'गुरुकृपा'. मूळ संस्कृतात 'गुरु' ऱ्हस्व आहे, म्हणून. 'लक्ष्मी' मुळातच दीर्घ, म्हणून 'लक्ष्मीकृपा'.

गृहपाठ. यातलं चूक काय, बरोबर काय?
'ताज्या फूलांचे हार', 'पूजेचे साहित्य', 'लाकूडाचे देव्हारे', 'दहा तारीखेला दुकान बंद'.

आधी स्वतः सोडवा, मग पुढे वाचा.

उत्तरं: फुलांचे, लाकडाचे, तारखेला. 'पूजेचे' बरोबरच होतं. तिथे 'पुजेचे' केलं असेल, तर पाचवा मुद्दा पुन्हा वाचा.

पेंटरला मजकूर देताना तो कागदावर स्वतः लिहून द्या. फोनवर सांगितलेलं ऱ्हस्व-दीर्घ हमखास चुकतं. एकदा रंग वाळला की पाटी वर्षानुवर्षं तशीच राहते. त्या ताईंची ओळ आता अशी आहे: 'साजूक तुपातले लाडू, दुधाची खीर आणि पिठाचे पदार्थ'.

भेटू पुढच्या पाठात!