भेगाळलेली फरसबंदी व तिची दुरुस्ती

अंगणांत किंवा ओसरीपुढें घातलेली काँक्रीटची फरसबंदी थोड्याच वर्षांत कोठें भेगाळते, कोठें खचते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. गवंड्याकडून भेगेंत सिमेंट भरून घ्यावें आणि पावसाळा सरतांच तीच भेग पुन्हां दिसावी, हाहि अनुभव नवा नाहीं. पैसा वायां जातो तो जातोच. परंतु उंचसखल फरशीला ठेंच लागून घरांतील वृद्ध माणूस पडलें, तर ती हानि कशानें भरून येणार? म्हणून या विषयाचा थोडा विचार करूं.

प्रथम कारण पाहूं. आपलें छत्रपती संभाजीनगर ज्या पठारावर वसलें आहे, तें सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर थिजून बनलें. तो काळा पाषाण ऊनपावसानें झिजून त्यापासून मुरूमहि झाला आणि काळी मातीहि झाली. ही माती कापसाला मानवते, बांधकामाला मानवत नाहीं. तिच्यांत माँटमोरिलोनाइट नांवाचें अतिसूक्ष्म खनिज असतें. त्याचे पापुद्रे पाणी शोषून एकमेकांपासून दूर सरतात व तें पाणी आटलें म्हणजे पुन्हां जवळ येतात. यामुळेंच वैशाखांत शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणांत त्या मिटून जातात. अशा जमिनीवर फरसबंदी घातली म्हणजे तिच्या कडेची माती लवकर भिजते व लवकर सुकते. मधली तशीच राहते. कडा वर उचलतात, पुढें खालीं बसतात, आणि काँक्रीट वांकूं लागतें. काँक्रीट दाब उत्तम सोसतें. ताण सोसण्याची त्याची शक्ति मात्र दाबाच्या सुमारें दशांशच असते. तेव्हां तें तडकणारच.

याखेरीज नळाचा चर नुसती माती लोटून बुजविणें, पन्हळीचें पाणी फरशीच्या कडेशींच पडूं देणें, जमिनीखालील नळ गळत राहणें, हींहि खचण्याचीं नित्याचीं कारणें होत.

आतां परीक्षा. भेगेच्या दोहों बाजूंस एकेक खूण करून त्यांमधील अंतर मे महिन्याच्या शेवटीं व पुन्हां सप्टेंबरच्या शेवटीं मोजावें आणि तारखेसह लिहून ठेवावें. अंतर बदललें नाहीं तर भेग स्थिर समजावी; बदललें तर ती चल आहे. फरशी काठीनें ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर खालचा आधार सुटला आहे.

स्थिर भेग छिन्नीनें इंचभर खोल व आंतून किंचित् रुंद करावी, धूळ झाडून ती ओली करावी आणि एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू यांचा मसाला दाबून भरावा. चल भेगेंत सिमेंट कधींच टिकत नाहीं. तिच्यांत डांबरासारखें लवचिक द्रव्य भरावें.

खचलेला भाग मात्र फोडूनच काढावा. खालची काळी माती खणून तिच्या जागीं मुरूम घालावा, आणि प्रत्येक सहा इंचांच्या थरावर पाणी शिंपडून धुमसानें ठोकावा. नुसती वाळू भरूं नये. तिच्यांत पाणी सांचून तें खालच्या मातीस पोंचतें. न फुगणाऱ्या चिकट मातीचा पुरेसा जाड थर फुगणाऱ्या जमिनीस दाबून धरतो, हें मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक कट्टी यांनीं प्रयोगांनीं दाखविलें आहे. ज्या पाषाणापासून ही दुखरी माती झाली, त्याच पाषाणाचा मुरूम तिचें औषध ठरावा, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

वरचें काँक्रीट १:२:४ या प्रमाणाचें असावें. ५० किलोच्या एका पोत्यास २५ लिटरांच्या आसपास पाणी पुरे. वाळू ओली असल्यास त्याहूनहि कमी. काम सोपें जावें म्हणून गवंडी अधिक पाणी ओततो, तेथेंच बळ घटतें. पुढें किमान सात दिवस, व राखमिश्रित सिमेंट असल्यास दहा दिवस, फरशी ओली ठेवावी.

दर तीन मीटरांवर सांधा सोडावा. त्याचें कारण गणितानें कळतें. काँक्रीट दर अंशास आपल्या लांबीच्या सुमारें एकलक्षांश वाढतें. तीन मीटरांची फरशी ३० अंशांनीं तापली तर ३००० × ३० ÷ १,००,००० = ०.९ मिलिमीटर वाढेल. एवढी वाट आपण दिली नाहीं, तर ती स्वतःच काढते! शेवटीं, फरशीला घरापासून बाहेर मीटरामागें दोन सेंटिमीटर उतार द्यावा, म्हणजे पाणी मुरणार नाहीं.

खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा दृष्टांत आपण शुभवर्तमानांत वाचला आहे. खडक प्रत्येकाच्या वांट्यास येतोच असें नाहीं. परंतु वरची भेग लिंपण्यापूर्वीं खालीं खणून पाहण्याचा त्या मनुष्याचा उद्योग आपण सर्वांना करतां येईल, आणि तो केवळ फरशीपुरताच उपयोगी आहे असें नव्हे.