साठवण कीं प्रतिबिंब?

नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालीं स्थापन झालें, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. समजा, तें एके दिवशीं बंद आहे आणि आपणांस एक पुस्तक त्याच दिवशीं पाहिजे. दोन उपाय संभवतात. एखाद्या मित्रानें त्यांतील पाठ पूर्वीं उतरून घेतला असेल, तर त्याची वही मागावी. अथवा तींच सर्व पुस्तकें असलेलें दुसरें वाचनालय गांवांत असल्यास तिकडे जावें. संगणकविद्येंत पहिल्या उपायास कॅशिंग प्रॉक्सी व दुसऱ्यास मिरर म्हणतात. मूळ सर्व्हर बंद पडला तरी माहिती मिळत राहावी, यासाठीं कोणता उपाय योजावा, याचा येथें विचार करूं.

प्रॉक्सी ही मागणारा व सर्व्हर यांच्यामध्यें असते. कोणीं एखादें पान मागितलें, कीं तें आणून देते व त्याची प्रत ठराविक काळ जपून ठेवते. हिला जागा व खर्च थोडा लागतो. वर्गांतील चाळीस मुलांनीं एकच धडा उघडला, तरी तो एकदांच आणावा लागतो. परंतु जें पूर्वीं कोणीं मागितलेंच नाहीं, तें तिच्यापाशीं नसतें. मिररवर मात्र समग्र संग्रह असतो. तो मुळाशीं वेळोवेळीं जुळवून घ्यावा लागतो.

दहावीच्या निकालाचा दिवस घ्या. प्रत्येकाचा बैठक क्रमांक निराळा. एकाचें गुणपत्रक साठवून दुसऱ्याच्या आईबापांची चिंता कशी दूर होणार? राज्य मंडळाचा निकाल एकाहून अधिक संकेतस्थळांवर मिळतो, त्याचा उपयोग अशा वेळीं कळतो. पुण्याच्या आयुका संस्थेनेंही फ्रान्समधील विझियेर या तारासूचींच्या भांडाराचा मिरर उभारला होता. कोणता अभ्यासक कोणता तारा विचारील, हें आधीं कसें सांगावें?

तथापि मिरर म्हणजे राखीव प्रत नव्हे. मुळांतील पान चुकून पुसलें गेलें, तर पुढील जुळणींत मिररवरूनही तें नाहींसें होऊं शकतें. घरच्या मोबाइलमधील छायाचित्रांचीही गोष्ट अशीच आहे. म्हणून तारीखवार प्रत निराळी ठेवावी.

सारांश, जें सर्वजण पुनःपुन्हां मागतात, त्यास साठवण पुरे. जें कोण केव्हां मागेल याचा नेम नाहीं, त्यास प्रतिबिंब हवें. आणि जें एकदां गेलें असतां परत मिळणार नाहीं, त्याची राखीव प्रत आजच करावी.